टीममधला एकटेपणा: नव्या टीम लीडसाठी पहिल्या तीन महिन्यांचं काम

टीम लीड, सुपरवायझर किंवा एचआर म्हणून नवी जबाबदारी आली की हजेरी, टार्गेट, अप्रेझल यांबद्दल शिकवणारे खूप भेटतात. टीममधलं कोण महिनोन्‌महिने एकटं पडलंय, ते कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं, हे सहसा कुणी शिकवत नाही. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः पुणे-मुंबईच्या आयटी ऑफिसांतली आहेत, थोडी चाकण-रांजणगावकडच्या कारखान्यांतली.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५मध्ये अहवाल दिला. त्यानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या २०२४च्या अहवालात पाचातल्या एका कर्मचाऱ्याने कालचा बराचसा दिवस एकटेपणात गेल्याचं सांगितलं. पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं आणि ऑफिसात येणाऱ्यांत १६ टक्के. म्हणजे सगळ्यांना ऑफिसात बोलावलं तरी प्रश्न उरतोच.

यावर कंपन्या बहुतेक वेळा वर्षातून एक मोठा कार्यक्रम करतात. लोणावळ्याला रिसॉर्ट, डीजे, टी-शर्ट. ज्यांचा आधीच ग्रुप आहे त्यांचा दिवस मजेत जातो आणि ज्याचा नाही तो बसमध्ये खिडकीशी कानात इअरफोन घालून बसतो. ओळख वाढायला तीच माणसं, ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा भेटावी लागतात. मुंबईच्या लोकलमधले ग्रुप असेच तयार झाले. रोजची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, दरवाजा ठरलेला. कुठल्या एचआरने ते बांधले नाहीत, तरी दसऱ्याला डब्याला तोरण लागतं आणि कुणी दोन दिवस दिसलं नाही तर फोन जातो. पुढचं सगळं याच तत्त्वावर आहे.

आधी मोजा, पण नावं न घेता

पहिल्या आठवड्यात अंदाज बांधू नका. एकटा जेवणारा माणूस एकटाच पडलेला असतो असं नाही. काहींना दिवसभराच्या मीटिंगनंतर तो अर्धा तास स्वतःसाठी हवा असतो. उलट सगळ्यांना हसवणारा, वाढदिवसाचा केक आणणारा माणूस आतून पूर्ण तुटलेला असू शकतो. एकटेपणा बाहेरून दिसत नाही, म्हणून विचारावा लागतो.

२००४मध्ये संशोधनासाठी तीन प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी तयार झाली. ती आजही वापरतात. कामाच्या जागेसाठी ते प्रश्न असे विचारता येतील:

१. इथे आपल्याला सोबत नाही, असं किती वेळा वाटतं?
२. आपल्याला बाजूला ठेवलं जातंय, असं किती वेळा वाटतं?
३. आपण बाकीच्यांपासून तुटलो आहोत, असं किती वेळा वाटतं?

उत्तरं तीनच: क्वचित (१ गुण), कधीकधी (२), बरेचदा (३). बेरीज ३ ते ९ येते. ६ किंवा जास्त बेरीज आली की एकटेपणा आहे असं धरण्याची पद्धत आहे. मूळ प्रश्न एकूण आयुष्याबद्दलचे आहेत आणि तुम्ही त्यात ‘इथे’ हा शब्द घातलाय, त्यामुळे बाहेरच्या आकड्यांशी तुलना करू नका. तुमची तुलना तुमच्याच तीन महिन्यांनंतरच्या आकड्याशी.

फॉर्म पाठवताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. वर ‘गोपनीय’ लिहायचं आणि खाली वय, लिंग, जॉइनिंगचं वर्ष विचारायचं. नऊ जणांच्या टीममध्ये २०२३ला जॉइन झालेली मुलगी एकच असते. गूगल फॉर्म वापरत असाल तर सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद करा, एम्प्लॉयी कोड मागू नका, आणि दहापेक्षा कमी लोकांचा निकाल वेगळा काढू नका. एकदा जरी कुठलं उत्तर कुणाचं ते कळलं, तर पुढच्या वेळी सगळे ‘क्वचित’वर टिक करतील आणि तुमचा आकडा छान दिसेल.

नव्या माणसाचे पहिले तीस दिवस

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून वेळ कमी असेल तर बाकी सोडा आणि एवढंच नीट करा.

नेहमीचा पहिला दिवस कसा असतो? लॅपटॉप आलेला नाही, ॲक्सेस कार्ड चालत नाही, मॅनेजर कॉलवर. पोरगं रिसेप्शनजवळ पॉलिसीची पीडीएफ मोबाईलवर वाचत बसतं. दीड वाजता सगळे उठून जेवायला जातात, आणि आपणही उठायचं की कुणी बोलावेपर्यंत थांबायचं हे त्याला कळत नाही. शेवटी तो वॉशरूमला जाऊन येतो आणि बिस्किटाचा पुडा उघडतो. त्या एका दुपारचा ठसा बरेच दिवस राहतो.

त्यामुळे जॉइनिंगच्या आदल्या दिवशी बडी, म्हणजे नव्या माणसाला सोबत करणारा सहकारी, ठरलेला असावा आणि त्याने मेसेज केलेला असावा: ‘उद्या साडेनऊला गेट २वर ये, मी खाली येतो. जेवायला आपण एकत्र जाऊ. डबा आणणार की कॅन्टीन?’ या चार ओळींनी अर्धी धडधड कमी होते.

बडी कोण असावा? मॅनेजर नको, कारण त्याला ‘हे कसं करतात’ असं विचारायची भीती वाटते. दहा वर्षं जुना माणूसही नको. नवखेपणात काय काय कळत नाही ते तो विसरलेला असतो. कंपनीत एक ते तीन वर्षं झालेला, कामाचा थोडा संबंध असलेला माणूस बरा. वेळ असा ठेवा: पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास, पुढचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, त्यानंतर नव्वद दिवस होईपर्यंत आठवड्यातून एकदा. आणि पहिल्या आठवड्यात बडीच्या कामातून तीन तास खरोखर कमी करा. स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरलेल्या काही आठवड्यांच्या कामात, त्याच्या नावावर तेवढंच काम ठेवून ‘जरा बघ त्याला’ म्हटलं तर तो दुसऱ्या दिवसापासून गायब होतो. त्यात त्याचा दोष नसतो.

बडीने सांगायच्या गोष्टी कुठल्याच पॉलिसीत नसतात. कॅन्टीनचं कूपन कुठून घ्यायचं, कॅब चुकली तर कुणाला फोन करायचा, कुठल्या खुर्चीवर कोण रोज बसतं. आणि कुणाला काय म्हणायचं. आपल्याकडे ही खरी अडचण असते. समोरच्याला सर म्हणायचं, नावाने हाक मारायची की दादा. तुम्ही म्हणायचं की तू. कारखान्यात साहेब, भाऊ, मामा. हे माहीत नसल्याने नवं माणूस हाक मारायचंच टाळतं. बडीने पहिल्याच दिवशी नावांनिशी सांगून टाकावं: ‘देशपांडे मॅडमना मॅडम म्हण, इम्रानला सरळ इम्रान म्हण, सर म्हटलं की तो वैतागतो.’

दुसऱ्या आठवड्यात त्याला आठ नावांची यादी द्या. कामासाठी ज्यांची गरज पडणार असे आठ जण, प्रत्येकाशी पंधरा मिनिटं. नुसतं ‘ओळख करून घे’ म्हणून पाठवलं तर दोन मिनिटांत गप्पा आटपतात. प्रत्येकासाठी एक खरा प्रश्न देऊन पाठवा: हा रिपोर्ट कुठून येतो, मागच्या रिलीजला काय अडलं होतं. विचारायला काही असलं की लाजाळू माणूसही बोलतो.

जेवणाचं टेबल

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये मैत्रीला किती तास लागतात याचा अभ्यास मांडला. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरी मैत्री व्हायला ९०च्या आसपास, जिवलग व्हायला २००हून जास्त. शेजारी बसून काम करण्याचे तास मात्र यात फारसे धरता येत नाहीत असं त्यांना आढळलं. एकत्र खाणं, हिंडणं, गप्पा मारणं हे तास मोजले जातात. आता हिशोब करा. रोज पंधरा मिनिटांचा चहा म्हणजे महिन्याला पाच तास. ५० तास व्हायला दहा महिने. आठवड्यातून तीनदा तासभर एकत्र जेवण म्हणजे महिन्याला बारा तास. चार महिन्यांत काम होतं. ऑफिसात दुसरी कुठलीही गोष्ट इतके तास फुकटात देत नाही.

पण टेबल आपोआप जमत नाही. त्यात कुठे गाठ बसते ते बघा. डबा आणणारे पावणेएकला मायक्रोवेव्हच्या रांगेत उभे राहतात आणि एकला जेवायला बसतात. कॅन्टीनवाल्यांचं ताट हातात यायला सव्वा वाजतो. ॲपवरून मागवणारा दीडला गेटवर पार्सल घ्यायला जातो. तिघे एकाच टीमचे, पण कधीच एकत्र जेवत नाहीत. आणि घरापासून दूर, पीजीत राहणारे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या गटातले. उपाय साधा आहे. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस ठरवा, वेळ सव्वाची ठेवा, डबा आणणाऱ्यांनी एक वाजून दहाला टेबल धरायचं. कॅलेंडरमध्ये एक ते सव्वादोन ब्लॉक करा, नाहीतर परदेशातला क्लायंट नेमका तेव्हाच कॉल टाकतो.

एका टेबलावर चार ते सहा माणसं. आठ झाली की दोन गप्पा सुरू होतात आणि मधला माणूस दोन्हीकडे मान वळवत बसतो. टीम बारा जणांची असेल तर दोन टेबलं, आणि महिन्यातून एकदा तीन-चार जणांची अदलाबदल. रोज बदलू नका; रोज नवी माणसं म्हणजे रोज पुन्हा पहिल्यापासून.

खाण्यावरून माणसं तुटतात, हे डोळ्यांआड करू नका. ‘नॉनव्हेजवाल्यांनी तिकडे बसा’ हे वाक्य कितीही सहज म्हटलं तरी ऐकणाऱ्याला त्यातलं सगळं कळतं, आणि तो उद्यापासून गाडीत बसून जेवतो. ज्याला वासाचा त्रास होतो त्याने टोकाला बसावं; टेबल एकच असावं. श्रावण, एकादशी, गुरुवारचा उपवास असला तरी माणूस साबुदाण्याची खिचडी घेऊन बसू शकतो, पण रमजानच्या महिन्यात रोजा धरणाऱ्याला जेवणाच्या टेबलावर बसवण्यात अर्थ नाही. त्या महिन्यात आठवड्यातला एक दिवस तासाऐवजी आवारात पंधरा मिनिटांची फेरी ठेवा.

भाषेचंही तेच. पाच मराठी आणि एक ओडिया असं टेबल असलं की गप्पा पहिल्या दोन मिनिटांत मराठीत घसरतात. स्वाभाविक आहे, त्याबद्दल कुणाला दटावू नका. टेबलावरच्या एकाला आधीच सांगून ठेवा: विनोद झाला की शेजारच्याला तो हिंदीत सांगायचा आणि पुढचा प्रश्न त्यालाच विचारायचा. टीम उलटी असेल, सगळे तेलुगू बोलतात आणि मराठी एकटाच, तरी नियम तोच.

टपरीबद्दल एक गोष्ट. चहा-सिगारेटला जाणाऱ्यांचा ग्रुप सगळ्यात घट्ट असतो आणि बरेचसे निर्णय तिथेच होतात. न ओढणारे आणि बऱ्याच मुली त्यातून बाहेर राहतात. टपरी बंद करता येत नाही, करूही नये. पण टपरीवर ठरलेलं काम त्याच दिवशी टीमच्या चॅट ग्रुपवर लिहायचं, एवढा नियम लीड म्हणून तुम्ही स्वतःपासून सुरू करा.

पंधरा दिवसांतून एकदा, पंचवीस मिनिटं

प्रत्येकाशी वन-ऑन-वन, म्हणजे दोघांचीच भेट. पहिली दहा मिनिटं कामाचं स्टेटस विचारायचं नाही. ‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’त देता येणार नाही असं काही विचारा.

‘गेल्या आठवड्यात कोड अडला होता, तेव्हा कुणाला विचारलंस?’
‘कुणाला नाही सर. एआयला विचारलं, झालं.’
‘आणि त्याआधी अडला होता तेव्हा?’
‘तेव्हाही तसंच.’

यात काम झालं, म्हणून बरेच मॅनेजर पुढे सरकतात. पण पूर्वी अशा अडचणीसाठी माणूस शेजारच्याच्या खुर्चीपाशी जायचा, तिथून चहाला जायचा. ते निमित्तच गेलंय. अशा वेळी त्याला कुणाबरोबर तरी आठवड्यातून तासभर जोडीने कोड रिव्ह्यू करायला, म्हणजे लिहिलेला कोड तपासायला द्या. काम खरं असू दे, नुसता बहाणा नको.

बाकी विचारण्यासारखं: सध्या जेवायला कुणाबरोबर असता? गावी शेवटचं कधी गेलात? या टीममध्ये सुट्टीच्या दिवशी फोन करता येईल असं कुणी आहे? वयाने मोठ्या माणसाला हेच विचारताना घाई करू नका. पन्नाशीचे सहकारी, ज्यांच्या बॅचचे सगळे निवृत्त झालेत, ते बरेचदा ऑफिसातले सगळ्यात एकटे असतात आणि त्यांना तसं म्हणवत नाही. त्यांना नव्यांना शिकवण्याचं ठरलेलं काम दिलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

ऐकलेलं अप्रेझलच्या नोंदीत लिहू नका. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं सरसकट वचनही देऊ नका. जिवाचा धोका असेल तर तुम्हाला सांगावंच लागेल. हे आधीच स्पष्ट बोला.

घरून काम, हायब्रिड, जागा

हायब्रिडमध्ये, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम असताना, प्रत्येकाने आपापले दिवस निवडले तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून माणूस येतो आणि दिवसभर हेडफोन लावून घरी बसलेल्यांशीच बोलतो. पूर्ण टीमचे दोन दिवस एकच ठरवा, आणि त्या दिवशी अकरा ते एक कॉल ठेवू नका. सीट बुकिंग ॲप असेल तर टीमसाठी एक सलग बे, म्हणजे शेजारशेजारच्या सीट, आधीच बुक करा. ज्याला उरलेली सीट तिसऱ्या मजल्यावर मिळते तो त्या दिवशी नसल्यासारखाच असतो. नुसत्या भिंती पाडून मात्र भागत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८मध्ये दोन कंपन्या खुल्या ऑफिसात गेल्यावर मोजमाप केलं, तेव्हा समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं. सगळ्यांसमोर बोलायला लागतं म्हणून माणसं चॅटवर गेली.

एकजण घरी आणि पाचजण मीटिंग रूममध्ये असतील तर रूममधल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरून जॉइन व्हायचं. नाहीतर घरच्याला फक्त हसणं ऐकू येतं, विनोद नाही. कॅमेरा सक्तीचा करू नका. वन-रूम-किचनमध्ये मागे आई स्वयंपाक करत असते, त्याची लाज वाटून माणूस आणखी आत जातो.

पाळ्या आणि कंत्राटी कामगार

कारखान्यात पाळी दर आठवड्याला फिरते. माणसं वेगवेगळी फिरली की कुणाचाच कुणाशी सलग महिना जात नाही. पूर्ण गट एकत्र फिरवा. वेळापत्रक करणाऱ्याला हे थोडं जड जातं, पण याहून मोठा उपाय नाही. पाळी बदलताना कामाचा दहा मिनिटांचा हँडओव्हर (जाणाऱ्याने येणाऱ्याला काम समजावून देणं) मशीनपाशी, समोरासमोर होऊ द्या.

कंत्राटी कामगारांचा गणवेश वेगळा, कॅन्टीनची रांग वेगळी, बसही वेगळी, आणि मग ‘आपण सगळे एक कुटुंब’ असा बॅनर. बॅनर काढा आणि रांग एक करा. नावाने हाक मारा, ‘ए काँट्रॅक्टवाला’ नको. हाऊसकीपिंगच्या मावशी आणि गेटवरचे काका यांनाही गणपतीच्या आरतीला बोलवा, फक्त खुर्च्या मांडायला नको.

गणपतीचं निघालंच आहे म्हणून: अबोल माणसाला स्टेजवर ढकलू नका, मखराच्या कामाला लावा. थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठा आणि कापडाचं काम बरंच असतं. हातात कात्री असली की समोरच्याकडे न बघता बोलता येतं. वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कुणी किती दिली त्याची यादी ग्रुपवर टाकू नका. कुणाला धार्मिक कारणाने यायचं नसेल तर कारण विचारू नका. बाकी कार्यक्रम ऑफिसच्या वेळातच. शुक्रवारी रात्रीच्या पार्टीत बदलापूर-कर्जतचा माणूस घड्याळ बघत असतो, लहान मूल घरी असलेली बाई येतच नाही, आणि न पिणारा कोपऱ्यात.

हे एकटेपण नव्हे, तेव्हा

कुणाला ठरवून वाळीत टाकलं जात असेल, जातीवरून, बाईपणावरून, भाषेवरून किंवा तक्रार केली म्हणून, तर तिथे जेवणाचं टेबल हा उपाय नाही. ज्यांनी त्रास दिला त्यांच्याशेजारीच तुम्ही त्या माणसाला नेऊन बसवाल. तिथे रीतसर तक्रार आणि चौकशी. लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे; प्रकरण तिच्याकडेच जायला हवं, लीडने मध्ये समेट घडवायचा नाही.

आणि कुणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, न सांगता गैरहजर राहत असेल, ‘मी नसलो तरी काय फरक पडणार’ असं बोलत असेल, तर थेट विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही भीती चुकीची आहे. विचारल्याने बहुतेकांना मोकळं वाटतं. सरकारच्या टेलि-मानसचा नंबर १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. नंबर फॉरवर्ड करून मोकळे होऊ नका. शेजारी बसून फोन लावून द्या. धोका आत्ता आहे असं वाटलं तर ११२ लावा आणि माणसाला एकटं सोडू नका.

तीन महिन्यांनी

तेच तीन प्रश्न, त्याच पद्धतीने पुन्हा. टीम छोटी असली तर सरासरीवर फार भरवसा ठेवू नका, एका माणसाने आकडा हलतो. ६ किंवा जास्त बेरीज असलेले किती जण होते आणि आता किती, ते पाहा. संख्या कमी झाली नसेल तर नवे कार्यक्रम आखायच्या आधी कॅलेंडर उघडा. बहुतेक वेळा दिसेल की जेवणाचा ब्लॉक तिसऱ्या आठवड्यात क्लायंट कॉलने खाल्ला, बडीचे तीन तास कधी मिळालेच नाहीत, आणि वन-ऑन-वन चारदा पुढे ढकललं गेलं. ते आधी परत बसवा आणि आणखी सहा आठवडे द्या.

स्वतःलाही ते तीन प्रश्न विचारा. प्रमोशननंतर जुन्या ग्रुपच्या गप्पा तुम्ही आलात की थांबतात, आणि नव्या पातळीवर अजून कुणी ओळखीचं नसतं. दुसऱ्या टीमचे दोन-तीन लीड शोधा आणि त्यांच्याबरोबर सोमवारी आणि शुक्रवारी टेबल धरा. मंगळवार ते गुरुवार टीमचे आहेतच.